पहिलं कौल

आई, मी इटलीला जाऊन आले. तुला इटली ठाऊक असायचं कारण नाही. तुझं जग पोलादपूरच्या बाजारापाशी संपायचं आणि त्यापुढे सगळी मुंबईच. तू गेलीस तेव्हा माझ्या पोटात होती ती लेक आता तिकडे शिकते. "तुझी आई हल्ली हसतही नाही आणि रडतही नाही," असं तिच्या बाबांनी तिला फोनवर सांगितलं, म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. खोटं नाही ते. तळीयेला दरड आली त्याच पावसात महाडच्या आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं. चिखल उपसून झाला, भिंती रंगवून झाल्या, मी मात्र दाढ काढायच्या आधी सुई दिलेल्या गालासारखी राहिले ती राहिलेच.

तिथं अल्बेरोबेल्लो नावाचं जुनं गाव आहे. पांढऱ्या भिंतींची बुटकी घरं आणि प्रत्येकावर चपट्या दगडांचं निमुळतं, टोकदार छप्पर. लांबून मला खळ्यात रचलेल्या भाताच्या उडव्याच वाटल्या. लोक फोटो काढून दमत होते. लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "आई, कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "छान आहे." माझे पाय दुखत होते, एवढंच काय ते मला वाटत होतं. तशाच एका घरात एक म्हातारी टॉवेल विकत होती. तिनं सांगितलं ते लेकीनं मला मराठीत सांगितलं. ही घरं चुना-माती न लावता नुसती दगडावर दगड ठेवून रचलेली. राजाचा माणूस कर वसूल करायला निघाला असं कळलं की शेंड्याचा दगड काढायचा, की छप्पर खाली. घरच नाही तर कर कसला! सगळे हसले. मी म्हटलं, "तिला विचार, तो पहिला दगड काढायचा कोणी?" म्हातारी खांदे उडवून म्हणाली, "ज्याला वर चढता येईल तो."

म्हणजे तिकडे तसं काही नाही. आपल्या वाडीत घर मोडायचं तर पहिलं कौल घरच्या लेकीनं उतरवायचं; मुलानं नाही, सुनेनं नाही. मामानं जुनं घर मोडलं तेव्हा कौल उतरवायला तू गेली होतीस. संध्याकाळ आहे, तू पदरात कौल गुंडाळून परत आली आहेस आणि ते चुलीशेजारी ठेवते आहेस. बायका आधीच येऊन सांगून गेल्यात, "दगडाची हाय गो, डोल्यात टिपूस नाय." मी विचारते, "आये, तुला रडू नाय आलं?" तू पीठ मळता मळता खेकसतेस, "रडू काय सांगून येतं? सर तिकडं, भाकऱ्या थापायच्या हायत." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणतेस, "घर सोडायची सवय लेकीलाच असते, म्हनून तिला बोलवतात." त्यानंतर रोज तू त्या कौलावर निखारे घेऊन धूप घालायचीस. तो वास मला अजून आठवतो, पण आठवून काही होत नाही.

आता आपल्या वाडीतल्या घरावर तीच पाळी आहे. वरच्या डोंगराला भेग पडली आहे. वाडी खाली उतरली. दादानंही रस्त्याकडेला पत्र्याची खोली बांधली. पण उभं घर रिकामं सोडवत नाही म्हणून तो आणि वहिनी अजून वरच निजतात. त्याचा फोन येतो, "बाय, तू हात लावल्याबिगर मी घर कसा मोडू? पाऊस तोंडावर आलाय." मी कधी गुडघे सांगते, कधी पाहुणे. एसटीनं तासाभराची वाट, आई. मागच्या पावसात डोंगर थांबला म्हणून याही पावसात थांबेल असं कोण सांगणार?

तिकडे इटलीत बसची वाट बघत असताना लेकीला मी टाळायचं खरं कारण सांगितलं. मी शिडी चढेन, कौल उतरवेन आणि मला काहीही वाटणार नाही, याची मला भीती वाटते. ती म्हणाली, "मग नको वाटू दे. पण मामा त्या डोंगराखाली झोपतो ना?" परत आल्यावर दादाला फोन केला, रविवारी येते म्हणून. तो म्हणाला, "जेवून जाशील ना?"

हे सगळं तुला लिहून मी कपाटात ठेवून देणार, दुसरं काय करणार. रविवारी वाडीतल्या बायका मला बघतील, काय म्हणायचं ते म्हणतील. मला काहीच वाटत नाही, असंच मी घरात सगळ्यांना सांगितलंय. पण आई, मिक्सर मी आज खाली ठेवला. गॅसच्या शेजारी एक कौल मावेल एवढी जागा केली आहे.