कडेवर चौसष्ट किलो

५ ऑगस्ट, मंगळवार
आज दुसरं इंजेक्शन. पोटावर. पुढचं बरोबर बारा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला. रोज काय काय होतं ते लिहून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ही वही. कपाटात, माझ्या बनियनांखाली राहील. माझी बायको शकु तिथे हात घालत नाही.
आजार प्रोस्टेटचा. कॅन्सर हा शब्द इथे एकदा लिहिला, पुन्हा लिहिणार नाही. इंजेक्शन शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद पाडतं, म्हणजे त्या आजाराला खायला मिळत नाही. एकूण दोन वर्षं. मी डॉक्टरांना म्हणालो, माझी प्रकृती वेगळी आहे, सहा महिन्यांत आटपेल. ते हसले. पटलं असावं.
साइड इफेक्ट्स : विशेष नाहीत. दिवसातून सात-आठ वेळा अंगातून भट्टी पेटते. पण बोरीवलीत ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच उकडतं.

६ ऑगस्ट
शकु म्हणते, हे उकडणं नाही, पाच वर्षांपूर्वी मला व्हायचं तेच आहे हे. मी पंखा पाचवर केला की तुम्ही शाल पांघरून बसायचात आणि विचारायचात, काश्मीरला आलोय का आपण?
मला असं काही आठवत नाही.
संकल्प : उद्यापासून पहाटे सहाला नॅशनल पार्कात एक तास चालणे.

७ ऑगस्ट
अलार्म वेळेवर वाजला. त्याचं काम त्याने केलं.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा
मनोरीला मंजुळाताईकडे. माझी मोठी बहीण. दर वर्षी मिरवणुकीत मीच पुढे नाचतो. यंदा एक फेरी झाली आणि भट्टी पेटली. मासळीच्या बर्फाची पेटी दिसली, तिच्यावर बसलो. बरं वाटलं. तासभर उठलोच नाही.
ताई सगळ्या आळीसमोर ओरडली, काय रे गुणा, टोमॅटोसारखा लाल झालायस, नाचत का नाहीस, अंड्यावर बसल्यासारखा बसून काय राहिलायस? तोंडातून निघून गेलं, हर्निया.
उत्तम आजार. सभ्य. कोणी पुढचं विचारत नाही. खरा आजार कुठे आहे हे सांगायला लागलं असतं तर आळीतल्या बायकांनी पदरात तोंड घातलं असतं आणि पुरुषांनी माझ्याकडे बघणं सोडलं असतं.
चांगली बातमी : भाची रुचिकाचं लग्न ठरलं. ३० नोव्हेंबर. आमच्यात मामा नवरीला कडेवर घेऊन मांडवात आणतो. मी रुचिकाला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आलोय, तुला मीच आणणार.

१० ऑगस्ट
ताईचा फोन. म्हणाली, तुला हर्निया, तू काय उचलतोस, रुचिकाला चंदू आणेल.
चंदू म्हणजे आमचा धाकटा भाऊ. जिमला जातो. आरशासमोर उभा राहून स्वतःचे दंड मोजतो. मी ताईला सांगितलं, घाई करू नकोस. ती म्हणाली, घाई कसली, मुलगी पडली तर?
हर्नियाच का सुचला? सायनस म्हणता आलं असतं.

२३ ऑगस्ट
शर्टाची बटणं छातीवर लागत नाहीत. तिथे दुखतंही. इस्त्रीवाल्याला झापलं, कपडे आटवतोस. तो म्हणाला, साहेब, मी फक्त इस्त्री करतो. उद्धट.

४ सप्टेंबर
टीव्हीवर प्रेशर कुकरची जाहिरात. शिट्टी होते आणि म्हातारा सासरा हसतो. मला रडू आलं. डोळ्यात कांदा गेला, असं शकुला सांगितलं. कांदा स्वयंपाकघरात होता आणि मी हॉलमध्ये, हे तिने बोलून दाखवलं नाही. नुसता रुमाल दिला.
दुसऱ्या एका विषयावर शकु आणि मी बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हतो. पण तेव्हाची शांतता वेगळी होती.

१५ सप्टेंबर
तोडगा काढला. ताईला कळवलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं, लेसरने, सकाळी गेलो संध्याकाळी घरी. चाळिशीतल्यासारखा झालोय. चंदूला म्हणावं, तू अक्षता वाट.
ताई रडली. संध्याकाळी चंदूच्या हाती खाडीतून पकडलेल्या निवट्यांचा रस्सा आला. ताकद यायला. चंदू म्हणाला, दादा, टाके दाखव ना. मी म्हणालो, लेसरला टाके नसतात, अडाणी. शकु आतून म्हणाली, वा. तेवढंच म्हणाली.

२ ऑक्टोबर
सराव सुरू. पाण्याचा वीस लिटरचा जार दारापासून ओट्यापर्यंत. फ्रिजपर्यंत पोचलो. नंतर अर्धा तास फ्रिज उघडून त्याच्यासमोर बसलो. शकुला वाटलं मी काहीतरी शोधतोय.

९ ऑक्टोबर
डॉक्टर. हाडांचा रिपोर्ट आला. हाडं पातळ होताहेत, दहा किलोच्या वर उचलायचं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मात्र रक्ताचा रिपोर्ट झकास. पीएसए ०.३! आजार वाढला की हा आकडा वाढतो. मी म्हणालो, म्हणजे गेलाच की. ते म्हणाले, इंजेक्शन आहे म्हणून दबलाय, एकही चुकवू नका. डॉक्टर लोकांना आपल्या औषधाचं फार कौतुक असतं.
घरी येऊन रुचिकाला फोन. सहज विचारलं, वजन किती गं तुझं? म्हणाली, मामा, मुलीला असं विचारतात का रे? मग म्हणाली, चौसष्ट, आणि आईला सांगितलंस तर बघ.
चौसष्ट म्हणजे तीन जारांपेक्षा थोडं जास्त. एका वेळी एक जार जमतोय.

१६ ऑक्टोबर
विचार केला. ताकद कोण खातं? इंजेक्शन. आजार कुठाय? ०.३. मग २८ तारखेचं इंजेक्शन जरा पुढे ढकललं तर? लग्न झालं की घेऊच. महिनाभराने काय फरक पडतो. बस उशिरा आली म्हणून स्टॉप हलत नाही.
हे डॉक्टरांना विचारण्याची गरज नाही. ते नाही म्हणतील.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
शकु खरेदीसाठी ताईबरोबर. म्हणाली, मी थांबते, बरोबर येते. मी म्हणालो, लहान आहे का मी?
दवाखान्याच्या दारापर्यंत प्रामाणिकपणे गेलो. समोर उसाचा रस प्यायलो. घरी येऊन पोटावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. संध्याकाळी शकुने शर्ट वर करून पाहिलं आणि विचारलं, फार दुखलं का हो? मी म्हणालो, थोडं.
तिने मऊ भात करून दिला. तो अर्धा ताटातच राहिला. रस फार गोड होता.

५ नोव्हेंबर
ताकद परत येतेय! आज ऑफिसात दिवसभर एकदाही भट्टी नाही.
(माझी खुर्ची नवीन एसीच्या खाली हलवली आहे. त्याचा संबंध नसावा.)

१३ नोव्हेंबर
पट्टी लावली होती तिथे पुरळ आलं. शकुने मलम लावलं. म्हणाली, इंजेक्शनच्या जागी असं पूर्वी नव्हतं झालं, डॉक्टरांना फोन करते. वाट लागली होती. मी म्हणालो, कंपनी बदलली असेल. माझ्या तोंडून हल्ली सहज निघतं सगळं.

१९ नोव्हेंबर
जार : फ्रिजपर्यंतच. तोसुद्धा अर्धा भरलेला. अजून अकरा दिवस आहेत. शेवटच्या आठवड्यात एकदम येईल.
शकुला खरं सांगावं असं दुपारी वाटलं. ती भाजी निवडत होती, मूड चांगला होता. चांगला मूड कशाला घालवा.

२९ नोव्हेंबर, शनिवार. हळद
मनोरी. बँड. चंदू चार तास नाचला. मी टेबलफॅनशेजारी बसून पाहुण्यांची सरबराई केली, म्हणजे त्यांना फॅनसमोरून बाजूला केलं.
रुचिका हळदीच्या अंगाने येऊन शेजारी बसली. म्हणाली, मामा, उद्या नक्की ना? नाहीतर चंदूमामा आहेच. मी म्हणालो, शब्द दिलाय तुला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं, पण उचलताना डोळे मिटून घे हं, मामाने वाटेत डोळे उघडले तर अपशकुन होतो. हे मला नवीन होतं. सासरकडची पद्धत असेल.

३० नोव्हेंबर, रविवार
केलं!
दारापासून बोहल्यापर्यंत. कंबरेला मिठी घातली, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि उचलली. काय सांगू, फुलासारखी हलकी! चौसष्ट किलो कुठे गेले कळलं नाही. बँड, शिट्ट्या, ताई हमसून हमसून. मीही रडलो, पण आज सगळेच रडत होते, त्यामुळे खपून गेलं.
इंजेक्शन न घेण्याचा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरला.

३ डिसेंबर
चंदूने व्हिडिओ पाठवला. शकु अंघोळीला गेल्यावर पाहिला. चार वेळा पाहिला.
शालूच्या काठाखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. टपटप चालताहेत. आठ पावलं. माझी पावलं मोजली, पाचच भरतात. शेवटची तीन पावलं माझे पाय नुसते घासत गेलेत. मागून माझ्या कमरेच्या पट्ट्यात चंदूचा हात.
रुचिकाला फोन केला. म्हणाली, अरे मामा, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या माणसावर मी लोंबकळणार होते का? आणि फोटो किती भारी आलाय बघ ना.
कॅमेऱ्याचा अँगलही चुकीचा आहे.

५ डिसेंबर
शकुच्या मोबाइलवर दवाखान्यातून फोन. पेशंट २८ ऑक्टोबरला आलेच नाहीत, पाच आठवडे झाले, तुमचे मिस्टर फोन उचलत नाहीत.
शकुने फोन ठेवला. येऊन पंखा बंद केला आणि समोर बसली. चाळीस मिनिटं. माझ्या नाकावरून घाम टपटपत होता.
मग म्हणाली, मी त्या पट्टीच्या पुरळावर मलम लावत होते.
मला म्हणायचं होतं, मी शब्द दिला होता. पण कोणाला दिला होता ते पटकन सुचेना.

६ डिसेंबर
शकुने ताईला सगळं सांगितलं. आजाराचं नाव, जागा, इंजेक्शन, सगळं. फोन स्पीकरवर होता. मी पडद्यामागे कपडे वाळत घालत होतो, आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.
ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, गाढव आहे तो. सांगायचं होतं ना. नवरी आली असती चालत. पाय आहेत तिला.
आणि मग ताई इतकी रडली की मला कपड्यांचे चिमटे सापडेनात.

८ डिसेंबर
रक्त दिलं.

११ डिसेंबर, गुरुवार
पीएसए २.८.
डॉक्टरांनी विचारलं, का नाही आलात? भाचीला उचलायचं होतं, असं सांगितलं. किती वजनाची? चौसष्ट. उचललीत? मी शकुकडे बघितलं. ती भिंतीवरच्या चार्टकडे बघत होती.
नाही, म्हणालो.
आता तीन महिन्यांचं इंजेक्शन बंद. दर महिन्याला यायचं. शकुला बरोबर आणायचं, तिची सही लागेल. आणि दोन वर्षं आजपासून धरायची. मागचे सात महिने धरणार नाही का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते तुम्हीच सोडून दिलेत.
आकडा पुन्हा खाली येईल ना, हे शकुने विचारलं. मी विचारणारच होतो. बहुतेक येईल, म्हणाले. बहुतेक हा शब्द त्यांनी पूर्वी कधी वापरला नव्हता.
नर्सने शर्ट वर करायला सांगितलं. हात वर येईनात. शकुने शर्ट वर धरला आणि टोचून होईपर्यंत धरून उभी राहिली.
मी स्वतःच धरला असता. पण बटणं घट्ट होती.