आक्काची इटांची मशीन

अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना
दि. २० फेब्रुवारी २००५

चि. वसंतास,

धर्मराजकडून तुला, सौ. पुष्पाला आणि लेकरांना पोटभर आशीर्वाद. तुम्ही पुण्यात सगळे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण खुशाल नसता तर तुझा फोन आला असता. आणि खुशाल असताना फोन करायची तुला सवय नाही. माझी तब्येत झकास आहे. तुझ्या आक्काच्या तब्येतीबद्दल पुढं लिहिणारच आहे, पण तू आधी खाली बस, घोटभर पाणी पी आणि घाबरू नको. शेवट चांगला झाला आहे. (शेवट आधीच सांगून मोकळा होतो म्हणून आक्का मला नेहमी बोलते. पण मला मेलं पोटात ठेवताच येत नाही.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर घर दोन खोल्यांचं, फोन एका खोलीत, आणि आक्काचे कान दोन्ही खोल्यांत. म्हणून ती आत जरा आडवी झाली असताना ओट्यावर बसून लिहून राह्यलो.

आधी एक जुना गुन्हा कबूल करतो. ९६ सालच्या भाऊबीजेला तू आल्तास, आणि जाताना तुझी ती हातातली गेमची मशीन आमच्याकडं विसरून गेल्तास. पुण्याहून तू दोन कार्डं टाकलीस. मी उलट टपाली कळवलं की सगळं घर धुंडाळलं, पेटीसुद्धा पालथी केली, मशीन कुठंच नाही, बहुतेक एसटीत गेली असावी. वसंता, ते कार्ड मी लिहीत होतो तेव्हा मशीन तुझ्या आक्काच्या हातात होती, आणि मजकूरही तीच सांगत होती. पेटी पालथी केल्याचं तिनंच घालायला लावलं. तुला आम्ही पाचवीपासून शाळेला इथं ठेवून घेतलं, लेकरू म्हणून वाढवलं, त्याचा मोबदला म्हणून ती मशीन आपण ठेवून घ्यावी असं तिचं म्हणणं पडलं. मला पटलं, कारण तोवर मलाही ती खेळायची होती.

तुला आठवत असेल, तळहाताएवढी राखाडी मशीन, डाव्या अंगाला चार पिवळी बटणं, उजवीकडं एक मोठं. वरून इटा पडायच्या, त्या फिरवून बराबर बसवायच्या, आडवी ओळ भरली की गायब. मी अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांच्या ओळी लावल्या, त्यामुळं मला वाटलं हे आपल्या हातचंच काम आहे. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत इटा छपरापर्यंत गेल्या. आक्कानं मात्र पहिल्याच आठवड्यात मशीनला घाम फोडला. मंग काय, रोज दुपार कलली की आमच्या ओट्यावर मंडळी जमायला लागली. टर्बाइनवरचे अप्पाराव फिटर यायचे, नाक्यावर चहाचं हॉटेल चालवणारी गोजरबाई यायची, आणि पाळी धरून आणखी चार जण. लांब सरळ तुकड्याला आम्ही ऊस म्हणायचो. चार ओळी भरून एका कडेला फट ठेवायची आणि उसाची वाट बघत बसायचं. ऊस आला की गोजरबाई अशी ओरडायची की रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले ब्रेक लावायचे. सगळ्यांत मोठा आकडा दाराच्या मागं खडूनं लिहायचा, आणि तो कायम आक्काचाच असायचा. अप्पाराव म्हणायचे, वहिनी, तुम्ही आमच्यात असत्या तर टर्बाइन कधी बंद पडलं नसतं.

हे पाच-सहा वर्षं चाललं. कोण कधी उठून गेलं ते एका दिवशी कळलं नाही. गोजरबाईनं हॉटेलात रंगीत टीव्ही घेतला आणि तिची दुपार मालिकेत गेली. अप्पारावांना लेकानं मोबाइल दिला. त्यात एक साप असतो, तो दाणे खातो आणि लांब होतो. अप्पाराव आमच्याच ओट्यावर बसून साप खेळायचे आणि आक्काला म्हणायचे, वहिनी, तुमची मशीन आता म्हातारी झाली, हिला कुणी इचारीत न्हाई. बॅटरीचं झाकण हरवलं म्हणून आक्कानं रबर लावलं. सेल उतरले की ती उन्हात ठेवून तापवायची आणि आणखी दोन दिवस काढायची. अंबडच्या दुकानात मी एकदा तसलीच नवी मशीन मागितली तर दुकानदार हसला. आणि खरं लिहायचं तर मीही उठून गेल्तो. पेपर, पारावरच्या गप्पा, अप्पारावांचा साप. आक्का एकटी दाराशी बसून इटा लावायची, आतून टिक टिक आवाज यायचा, आणि आवाज येतोय म्हणजे सगळं बराबर आहे असं मी समजायचो.

गेल्या दिवाळीपास्नं तिची तक्रार सुरू झाली की मशीनची काच फिकी पडली, इटा दिसत नाहीत. मी नवे सेल आणले. फिकीच. काच पुसून दिली. फिकीच. मंग मी म्हटलं, जालन्याला दाखवून आणतो. (तिच्याजवळ बसून पाच मिनिटं खेळून बघावं, एवढं काही मला सुचलं नाही. त्यापेक्षा दोन एसट्या बदलून जालन्याला जाणं मला सोपं वाटलं. माणसाचं डोकं असंच चालतं.)

जालन्यात जुन्या बाजारात कचरू म्हणून एक रेडिओ दुरुस्त करणारा बसतो. त्यानं मशीन हातात घेतली, चालू केली आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून खेळतच सुटला. मी म्हटलं, भल्या माणसा, बिघाड बघ.

"काका, बिघाड कुठं हाये? बिलकुल झाक चालून राह्यली."

"काच फिकी पडली ना."

"मला तर समदं दिसून राह्यलं," तो म्हणाला.

मला वाटलं याला काम येत नाही. तसं मी बोलूनही दाखवलं, आणि त्यानं सेल काढून माझ्या हातावर ठेवले नि मशीन पिशवीत कोंबून मला वाटेला लावलं. तणतणत घरी आलो. आक्का दाराशीच बसलेली. माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे (तेव्हा तिला चेहरा दिसत होता असं मी समजून होतो). तिनं पिशवीतून मशीन काढून घेतली, बटण दाबलं आणि लागली अंगठे चालवायला. मी विचारलं, कसं दिसतं?

"आवाज तेवढा गेला वाटतं त्याच्या हातून," आक्का म्हणाली, "पण दिसून राह्यलं लई झाक. आत्ता कसं! तुमची चक्कर वाया न्हाई गेली."

वसंता, सेल माझ्या खिशात होते.

मी खिशात हात घातला, ते दोन्ही सेल बोटांना लागले, आणि मी तसाच उभा राह्यलो. समोर तुझी आक्का कोऱ्या काचेत बघून इटा लावून राह्यली होती. मधेच म्हणाली, "हा बघा, ऊस आला." शेवटी तिच्याशेजारी टेकलो आणि ते सेल तिच्या तळहातावर ठेवले. तिनं चाचपले. अंगठे थांबले. मंग म्हणाली, "एवढं दुरून आले तुम्ही. म्हटलं, खोटं का होईना, बरं वाटंल."

मंग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापास्नं तिला कमी दिसत होतं. मशीन ती टिकटिकीवर नि अंगठ्याच्या अंदाजावर खेळत होती. हरली की काच फिकी. मिठाच्या डब्याला दोरा बांधला होता, साखरेच्या डब्याला दोन. मी समजत होतो की बाई म्हातारपणी टापटिपीची झाली. नळापर्यंत पावलं मोजलेली होती. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा तिनं तुमच्या आईचं नाव काढलं. तू लहान होतास, तुला धड आठवणार नाही. तुमच्या आईचे डोळे गेल्यावर घरच्यांनी तिला कोपऱ्यात बसवली. काही करू देईनात, चुलीपाशी येऊ देईनात, ताट हातात आणून द्यायचे. अकरा वर्षं बसली ती. आक्का म्हणाली, "मला बसवू नका. मला काम करू द्या." मी म्हटलं, तुला कोण बसवतं, आजवर तू मला बसवत आली.

दवाखान्यात आक्का यायलाच तयार नव्हती. शेवटी गोजरबाई हॉटेल बंद करून आली आणि आक्काला म्हणाली, सोनूबाई, मालिकेत त्या सासूनं काल कोणती साडी नेसली ते मला कुणीतरी नीट बघून सांगाया पायजे, मी एकटी किती ध्यान ठेवू? त्यावर आक्का हसली आणि पिशवी भरली. जालन्याच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, उशीर केला पण वेळ गेलेली नाही. त्यांनी बोटं धरून विचारलं, मावशी, किती? आक्का म्हणाली, आधी तुम्ही सांगा, मंग मी सांगते.

२७ जानेवारीला उजवा डोळा झाला. आत जाताना तिला मशीन बरोबर पाहिजे होती, ती नर्सबाईनं नेऊ दिली नाही, म्हणून ती माझ्या हातात देऊन गेली. बाहेरच्या बाकावर मी बसलो आणि तीन वर्षांनी इटा लावल्या. एक ओळ भरेना. तरी थांबलो नाही. थांबलो तर आत काय चाललंय ते मनात येत होतं. शेजारी अप्पाराव मोबाइल खिशात ठेवून गुपचूप बघत बसलेले. फक्त "डावीकडं घ्या, डावीकडं" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर, नर्स, खिडकी सगळं बघून झाल्यावर आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, तुम्ही तर म्हातारे झालात की हो." मला आयुष्यात कुणी एवढं गोड बोललेलं नाही. घरी आल्यावर तिनं भिंती बघितल्या, जाळ्या बघितल्या, मी घासलेली भांडी बघितली. त्यावर ती जे बोलली ते पत्रात घालत नाही.

आता ती आराम करते. सव्वा महिना वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही, वाचायचं नाही, मशीन तर मुळीच नाही. मी स्वैपाक करतो. बाकी सर्व क्षेम. डावा डोळा एप्रिलात. लेकरांना पापा. पुष्पाला सांग, तिच्या हातच्या लाडवांची आठवण निघते.

तुझा,
धर्मराज भाऊजी

ता. क. १ – खरं काम लिहायचंच राह्यलं. आक्काला मशीन हातात द्यायचा दिवस ५ मार्च. तिला नव्या डोळ्यांनी चकचकीत मशीन दिसावी म्हणून मी आणि अप्पारावांनी ती स्वच्छ करायला उघडली. अप्पारावांनी आयुष्यभर टर्बाइन उघडलं, पण टर्बाइनमध्ये काचेला चिकटलेली कागदासारखी पातळ पट्टी नसते. ती फाटली. चार बटणांतलं एक मोरीत गेलं. मशीन आता कायमची गेली, कचरूनंही हात जोडले. (आधी माझ्याकडून माफी मागवून घेतली.) जालना, अंबड, शहागड, कुठंच तसली मिळत नाही, सगळे मोबाइल दाखवतात. पुण्यात तू जिथनं घेतली तिथं बघ. नसली तर कुणाच्या घरी अडगळीत पडली असेल ती माग. राखाडीच पाहिजे.

ता. क. २ – नवी मिळाली तर पाठवण्याआधी जरा खरबरीत दगडावर घासून जुनी कर. झाकण काढून टाक. रबर इकडं आहे. आक्काला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३ – वसंता, मी आक्का. हे आंघोळीला गेलेत. पत्र पेपराखाली लपवलं होतं. यांचाच चष्मा लावून वाचलं, डॉक्टरांना सांगू नको. मशीन मोडली ते मला त्याच दिवशी कळलं. घरात दोन म्हातारे चोरावानी कुजबुजून राह्यले तर काय कळत न्हाई? मशीन मिळाली तर बरंच, न्हाई मिळाली तर जीव जात न्हाई माझा. इटा लई लावून झाल्या.

माझं काम येगळं हाये. मला दिसाया लागल्यापास्नं मी यांच्याकडंच बघून राह्यले. उंबरा पायानं चाचपतात. कडी लावाया आधी भिंतीवर हात फिरवतात. तू आता धरलंय त्या पत्राचं तिसरं पान बघ, ओळीवर ओळ लिहिली. काल माझ्या डोळ्यात टाकायचे थेंब यांनी गालावर टाकले आणि म्हणाले, तू हलली. मी हलले न्हवते. ही समदी इद्या मला ठावं हाये रे. माझं ऐकायचे न्हाईत, म्हणतील आधी तुझा डावा डोळा होऊ दे. तू ये. मशीन द्यायला आलो म्हण, लाडू द्यायला आलो म्हण, काय बी म्हण, पण यांना जालन्याला घेऊन चल. बाहेरच्या बाकावर बसायची पाळी आता माझी.

जल्दी ये. तांब्याचा आवाज थांबला, पत्र होतं तिथं ठेवते.