आईनं चहा सोडला

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

आईनं चहा सोडला! सकाळी बस्तीतून, आमच्या जैन देवळातून, दर्शन घेऊन आली, माझ्या बायकोनं, प्रणितानं, नेहमीसारखा कप पुढं केला, तर म्हणाली, "नियम घेतलाय." विषय संपला. आमच्या जैनांच्या घरात दुसऱ्याचा नियम खोदून विचारत नाहीत. कशासाठी घेतला, कधी फिटणार, ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण मला न विचारताच कळलं. मी दहावीत असताना तिनं असाच आंबा सोडला होता. टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याची पिवळी कॅसेट मी माळ्यावर टाकेपर्यंत तिनं दोन उन्हाळे फोडीला हात लावला नाही. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. निपाणीत पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, कानांवरचे केस पिकलेत — आणि माझी आई अजून माझा गेम सोडवायला बघते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गेम तोच, जुना. एक पाणबुड्या समुद्रात उतरतो, खेकडे चुकवत मोती गोळा करतो. बत्तीस पायऱ्या. माघात आप्पा, माझे वडील, गेले, त्यांचं सामान आवरताना माळ्यावर कॅसेट सापडली. नेटवर बघितलं तर माझ्यासारखे म्हातारे होत चाललेले पोरगे ढिगानं! त्यातच बेळगुंदीचा सौरव भेटला. बेळगावात कंपनीत कामाला आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. दोघांनी ठरवलं, हा गेम मराठीत आणायचा. पुस्तकातल्या नाही, आपल्या. पाणबुड्या मेला की इंग्रजीऐवजी "बुडालास की रं" असं यायला पाहिजे.

प्रोग्रॅमचं सौरव बघतो, अक्षरं मी काढतो. आठ ठिपके उंच, आठ ठिपके रुंद, एवढ्याशा चौकटीत एक अक्षर बसवायचं. इंग्रजी अक्षर आरामात बसतं. आपल्या वेलांट्या वर पळतात, उकार खाली लोंबतात. "मोती" लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

आमचं जेवण दिवस मावळायच्या आत. पुढची संध्याकाळ मोकळी. पूर्वी ती आप्पांशी तंबाखूच्या भावावर वाद घालण्यात जायची. आता खायला उठते. म्हणून मी कॉम्प्युटरसमोर बसतो. हे आईला कसं सांगू?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आईचं डोकं ठणकतंय. दिवसाला चार कप पिणारी बाई, दुसरं काय होणार! कपाळाला सुंठ लावून बसली होती. म्हटलं, "निदान कॉफी तरी घे."

"चहा सोडून कॉफी प्याली, तर मग सोडलं काय रं मी?"

प्रणिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमच्यामुळंच हाय हे सगळं." पुढचं सगळं कन्नडमध्ये. माझी बायको चिकोडीची, कन्नडमध्ये गेली की मामला गंभीर.

रविवार, १० ऑगस्ट

सौरव आला. मोटरसायकलवर पोतंभर आगाप, हंगामाआधीच निघालेली रताळी घेऊन. चातुर्मासात, जैनाच्या घरात, रताळी! आम्ही जमिनीखालचं काही खात नाही, हे त्याच्या गावीच नव्हतं. मी हसू दाबत उभा. आईनं मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लई लांबनं आणलंस बाळ. शेजारी वाटूया." त्याला पोहे दिले, समोर बसून खायला लावले.

मग हळूच विचारलं, "किती ऱ्हायलंय रं तुमचं ते?"

"आठ पायऱ्या, आज्जी."

"लवकर करा बाबांनो."

म्हणजे कंटाळलीच आहे. मला लाज वाटली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

दोन पायऱ्या झाल्या. सहा राहिल्या. वाईट जोडाक्षरं सगळी शेवटी आलीत.

शनिवार, १६ ऑगस्ट

आई बस्तीच्या पायरीवर चक्कर येऊन बसली. पडली नाही, शेजारणीनं धरलं. डॉक्टर म्हणाले, बीपी उतरलंय, घाबरू नका, थोडा चहा घेत जा आजी. ती हसली. मला तिच्याकडं बघवेना. बाहत्तर वर्षांची आई माझ्यापायी चक्कर येऊन बसते, आणि मी उकार मोजत बसलोय.

रविवार, १७ ऑगस्ट

सौरवला फोन करून सांगितलं, माझ्याकडून बंद.

"अण्णा, सहाच ऱ्हायल्यात की."

"तू पुरा कर."

"तुमच्या अक्षरांबिगर कसला पुरा करतोय?" मग म्हणाला, "बरं. आज्जी महत्त्वाची."

कॉम्प्युटर गुंडाळून कपाटात ठेवला. आईसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आई, गेम सोडला. कायमचा." वाटलं होतं, तोंडावरून हात फिरवेल. ती बघतच राहिली. "का रं श्रीपाल?" म्हणाली. म्हटलं, असंच. उठली आणि जपमाळ घेऊन आतल्या खोलीत गेली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज माझ्या हातानं चहा केला. आलं, वेलदोडा घालून, तिला आवडतो तसा. तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "नियम हाय रं माझा."

अजून? आता आणखी काय सोडू मी?

शनिवार, २३ ऑगस्ट

चहा नाहीच. मला तिचा राग यायला लागलाय. आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटते. संध्याकाळी भिंतीकडं बघत बसतो. प्रणितासुद्धा आता काही बोलत नाही, कन्नडमध्येही नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आमच्या घरात जे कुणी कुणाला विचारत नाही, ते आज विचारलं. "आई, गेम सोडून नऊ दिवस झाले. तुझा नियम फिटणार तरी कधी?"

म्हणाली, "आता कसला फिटतोय? श्रीपालचा गेम पुरा होईस्तवर च्या घेणार न्हाय, असं म्हणलं हुतं मी. असल्या संसारी मागण्याला बस्तीतलं म्हाराज नियम देत न्हाईत, म्हणून मनातच घेतला. आप्पा गेल्यापास्नं तू त्येच्याफुडं बसलास की तेवढाच हसतूस."

सौरवला फोन लावला. फोन खांद्यात धरूनच कपाटातला कॉम्प्युटर बाहेर काढायला लागलो. तो आपला पलीकडून विचारतोय, "अण्णा, आज्जी बरी हाय न्हवं?"