हसू आलं की फोन ठेवते

॥ श्री ॥

फ्रीगंज, उज्जैन
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय मंगलाताई,

साष्टांग नमस्कार. अनिलरावांनाही सांग. तू रुसली आहेस म्हणजे सांगणार नाहीसच, म्हणून त्यांना मी वेगळा मेसेज केला आहे. आम्ही सगळे इथे मजेत. साताऱ्यात आता स्वेटर निघाले असतील, इथे मात्र दिवाळी होऊन गेली तरी दुपारी पंखा लागतो.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. आमचे हेसुद्धा तेच म्हणाले. पण मला लिहायचंच आहे, आणि का ते पुढे येईल. आधी बातम्या ऐक.

अनयच्या लग्नाची तारीख तीस नोव्हेंबर पक्की झाली. पहिली पत्रिका रीतीप्रमाणे चिंतामण गणपतीला ठेवून आलो. हॉल नानाखेड्याचा घेतला. देवास गेटकडचा एक बघितला होता, पण सिंहस्थाच्या तयारीत तिकडचे रस्ते असे खणून ठेवलेत की नवरदेव खड्ड्यात आणि वरात पुढे, अशी वेळ यायची. अनय लग्नासाठी वजन कमी करतो आहे, म्हणजे सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलबी त्याने सोडली आहे आणि ती तो आता दुपारी खातो. सूनबाई मधुरा शांत, हुशार मुलगी आहे. तिची आई जयूताई, म्हणजे माझी होणारी विहीण, तिच्या अगदी उलट. एकदा बोलायला लागल्या की समोरच्याने फक्त मान हलवायची. तुमचं दोघींचं एक तर छान जमेल, नाही तर अजिबात जमणार नाही.

माझी तब्येत उत्तम.

तू अनयला पाठवलेला मेसेज त्याने मला वाचून दाखवला. ‘तुझ्या आईला माझ्याशी बोलायची सवड झाली की कळव, मग लग्नाला यायचं की नाही ते बघू.’ ताई, मावशीने भाच्याला असं लिहावं? तो बिचारा दिवसभर मला विचारत होता, की आई, तू मावशीला काय केलंस?

तुझा राग मला कळतो. तीनदा मी तुझा फोन मध्येच ठेवला. एकदा कुकर झाला म्हणाले, एकदा रेंज गेली म्हणाले आणि तिसऱ्यांदा तर काहीच म्हणाले नाही. तू अनिलरावांची ऑनलाइन योगासनं सांगत होतीस. ते शवासनात झोपले, माईक चालू राहिला आणि सगळ्या वर्गाला त्यांचं घोरणं ऐकू गेलं. तू ते घोरणं करून दाखवायला लागलीस, मास्तरीणबाईंच्या ‘श्वासावर लक्ष द्या’सकट, आणि मी फोन ठेवला. त्यानंतर मी तुझे फोन उचललेच नाहीत. राखीला नुसता मेसेज, गौरींना नुसता मेसेज. माणूस रागावणार नाही तर काय करेल?

ताई, कुकर नव्हता. रेंजही कुठे गेली नव्हती. मला हसू आवरत नव्हतं, आणि हसले की मला खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्ट्या वाजतात आणि पाच-दहा मिनिटं बोलता येत नाही. मला दमा झाला आहे.

घे, लिहून टाकलं. आता पाण्याचा घोट घे आणि पुढे वाच, कारण पुढचं सगळं चांगलं आहे.

गेल्या थंडीत खोकला सुरू झाला तो जाईचना. आलं, मध, ज्येष्ठमध, हळद, सगळं पोटात गेलं. शेजारणीने सांगितलं म्हणून ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी छातीला बांधली. त्या दिवशी बसमध्ये माझ्या आजूबाजूच्या दोन सीट रिकाम्या राहिल्या, एवढाच फायदा झाला. शेवटी यांनी धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे शर्वरी नावाची मुलगी, आपल्या मराठी समाजातलीच, अनयपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने मला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं आणि म्हणाली, “काकू, दमा आहे.” मी म्हटलं, “छप्पन्नाव्या वर्षी? माझ्या वडिलांना तर तिशीतच होता.” ती म्हणाली, “तो वय बघून थोडीच येतो? कोणाला आठव्या वर्षी, कोणाला साठाव्या. औषध घ्या नं रोज, मग बघा.”

तिने दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, दुसरा निळा, अडचणीच्या वेळचा. पहिला आठवडा मी तोंड उघडून अत्तर मारावं तसा फवारा मारायची, ओढायचं असतं हे डोक्यातच शिरलं नाही. आरशावर ढग जमायचे, माझ्या छातीत काही जायचं नाही. शर्वरीने करून दाखवायला सांगितलं आणि बघून म्हणाली, “काकू, आरशाला दमा आहे का?” मी हसले, मग खोकले, मग तिने नीट शिकवलं.

पण मी तो रोज घेत नव्हते. मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. घरात नवी सून येणार, तिच्या घरच्यांना वाटायचं की सासूच धापा टाकते आहे, मुलीला सेवेलाच नेताहेत. पंप चष्म्याच्या घरात लपवून ठेवायची आणि घरात कुणी आलं की त्या दिवसाचा राहून जायचा. लग्नघरात रोजच कुणी तरी येतं.

मग आली कोजागिरी. आपल्याकडे शरद पौर्णिमेला दम्याच्या औषधाची खीर देतात ती तुला आठवत असेल. नानाखेड्याच्या पुढे एका वैद्यांच्या बागेत अजून देतात. रात्रभर चांदण्यात ठेवायची आणि उजाडायच्या सुमाराला पळसाच्या पानावर वाढायची. मी यांनाही न सांगता नाव नोंदवलं. दुपारपासून पोट रिकामं ठेवा, असं तिथल्या माणसाने बजावलं होतं.

संध्याकाळी समाजाची कोजागिरी होती. जयूताई आणि मी शेजारी-शेजारी. मसाला दूध आलं. मी ग्लास नुसता ओठाला लावला आणि हळूच मागे ठेवला. त्यांचाही ग्लास भरलेलाच होता, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या आणि मी गुडघ्याचं कारण सांगून उठले. त्या म्हणाल्या, “मी पण निघते हो, आज ॲसिडिटीने हैराण आहे.”

पहाटे मी डोक्यावरून शाल घेऊन, नुसते डोळे दिसतील अशी, बागेत जाऊन बसले. ओळीने सतरंज्या, शे-दोनशे माणसं, आणि सगळे आपापल्या सुरात खोकताहेत. पानावर खीर आली. माझ्या शेजारी एक बाई, तिच्याही डोक्यावरून ओढणी, नुसते डोळे उघडे. तिने घास घेण्यासाठी ओढणी खाली केली, मी शाल खाली केली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. जयूताई!

मी म्हटलं, “तुम्ही?”

त्या म्हणाल्या, “मी तर घरी महाकालच्या दर्शनाला जाते सांगून आले. तुम्ही?”

“मी मॉर्निंग वॉकला.”

“एवढ्या अंधारात?”

“आणि तुमची ॲसिडिटी?”

“तुमचे गुडघे कसे आहेत?”

संपलं. ताई, आम्ही अशा हसत सुटलो की मला तू आठवलीस. हसता हसता मला उबळ आली, त्यांनाही आली. मी चष्म्याचं घर उघडतेय, त्या पावडरचा डबा उघडताहेत, आणि दोघींच्या हातात तोच निळा पंप! ते पाहून पुन्हा हसू. वाढणारा माणूस धावत आला आणि हात जोडून म्हणाला, “माताजी, हँसिए मत, खीर नली में चली जाएगी! आप दोनों अलग-अलग बैठिए!” शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरींसारख्या आम्हाला त्याने दोन टोकांना बसवलं. तिथूनही जयूताई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या.

खीर खाऊन सगळ्यांना बागेभोवती चालायला लावतात. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांना दोन वर्षं झाली. मुलाकडच्यांना कळलं तर म्हणतील, मुलीच्या रक्तात दमा आहे, म्हणून त्या माझ्यापासून लपवत होत्या! मी माझं सांगितलं. त्या रस्त्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, “कमाल करता हो सुनंदाताई. दमाच तर आहे नं, डाका थोडीच घातलाय आपण? आता बघा, दोन्हीकडून आहे, कोणी कोणाला बोलू शकत नाही. छुट्टी!”

शर्वरीला खिरीचं सांगितलं तर ती रागावली नाही. म्हणाली, “खीर खाल्ली, चांगलं केलं. पण पंप सोडला तर मी लग्नात जेवायला येणार नाही.” आता माझा रोजचा पंप जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी उघडा उभा असतो. मधुराने पाहिला, नाव वाचलं आणि म्हणाली, “आईचा पण हाच आहे.” एवढंच. या तीन-साडेतीन आठवड्यांत एक दिवसही चुकवला नाही. फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून आत बसले, पण दिवाळीचं सगळं घर मीच आवरलं, नाकाला फडकं बांधून. काल जिना एका दमात चढून आले आणि वर कुणीच नव्हतं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. रात्री सलग झोपते. ताई, छाती भरून श्वास घेता येतो यात केवढी मजा आहे, हे मला छप्पन्न वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तू विचारशील, विहिणीला सांगितलंस आणि मला नाही?

तुलाच सांगायची भीती होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं. तू यज्ञेश्वरकाकांची नक्कल करत होतीस, सोवळं सावरत नळाखाली घागर लावायची, आणि बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग त्यांचा श्वास अडकला. टांग्यातून दवाखान्यात नेलं. आत्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरीने हसवून हसवून बापाला आडवा केला.” बाबा आठवड्याने घरी आले, पण तू पुन्हा त्यांच्यासमोर एकही नक्कल केली नाहीस. रात्र रात्र तू त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचीस, त्यांना टेकून झोप लागावी म्हणून. औषध, शेक, पाणी सगळं तू केलंस. फक्त हसवलं नाहीस. पुढे दोन वर्षांनी बाबा गेले, आणि त्यानंतर तुझी पहिली नक्कल मी पाहिली ती माझ्या लग्नात.

म्हणून मी फोन ठेवत होते. तुला कळलं की तुझ्या गोष्टीने मला धाप लागते, तर तू पुन्हा गप्प होशील असं वाटलं. तुला गप्प करण्यापेक्षा तुझा राग परवडला, असा मी हिशेब केला. चुकीचा निघाला, कारण तू रागावून गप्पच झालीस. बहीण वर्षभर खोकली तर काही होत नाही, पण तुझा आवाज नाही म्हणजे घर ओकंओकं वाटतं गं.

मी शर्वरीला बाबांचं सगळं सांगितलं आणि स्पष्ट विचारलं, “हसवल्यामुळे झालं का ते?” ती म्हणाली, “नाही हो काकू. हसल्यावर धाप लागते याचा अर्थ औषध कमी पडतंय, हसणं जास्त होतंय असा नाही. त्यांच्यापर्यंत रोजचं औषध पोचलंच नव्हतं. मुलीचा काय दोष?” मी तिला ते दोनदा म्हणायला लावलं, तुला शब्दशः लिहिता यावं म्हणून. ताई, आत्या चुकीचं बोलली होती. तू काही केलं नव्हतंस.

आणि एक. ती दोन वर्षं बाबा तुला म्हणायचे, “मंगे, एकदा यज्ञेश्वर कर गं.” तू मान हलवून पाणी आणायला जायचीस. तू आत गेलीस की ते दाराकडे बघत राहायचे. मी त्यांच्या पायाशी बसलेली असायची, त्यांचा चेहरा मला दिसायचा. त्यांना त्या वेळी धाप लागलेली नसायची. त्यांना तू हवी असायचीस, पाण्याचं भांडं नको असायचं.

मला पाणी आणून देणारे घरात पुष्कळ आहेत. तू दहा दिवस आधी ये, जयूताईंची नक्कल बसवायला तुला तेवढे लागतीलच. आणि मी हसताना मध्येच शिट्टी वाजली, तर घाबरून थांबायचं नाही. पंप घेईपर्यंत दम धरायचा, आणि गोष्ट पुढे चालू करायची.

वाट पाहणारी, आणि यापुढे एकही फोन मध्येच न ठेवणारी,
तुझी धाकटी
सुनू