आसोदी खुर्दचा कंस

४ ऑगस्ट २००८, सोमवार

जुलैच्या पटसंख्येची यादी आज जिल्ह्याला गेली. पहिल्यांदाच मी एकटीने पाठवली. श्रीनिवास शुक्रवारी मंचेरियलला नव्या नोकरीवर गेला. जाताना त्याची स्क्रिप्ट चालवायच्या तीन ओळी वहीत लिहून दिल्या. खिडकी उघड, हे टाइप कर, एंटर मार. बस. दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून मी फक्त नावं भरली, आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. आता भोगा.

एंटर मारलं. काळ्या खिडकीत ओळी पळाल्या, वाचायला सवडच नाही. मग एकेका गावापुढं एकेक आकडा. बहुतेकांना ०. सात गावांना ५१२.

५४ पैकी ४७ गावं नापास! स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा. तेच. सात पास गावांत आमचं आसोदी (के) आहे, तेवढंच बरं वाटलं. तालुक्याचे शिक्षणाधिकारी, आमचे एमईओ सर, दारातून, "हो गया अम्मा?" मी म्हटलं हो गया. स्क्रिप्टच यादी तयार करून मेलनं पाठवून मोकळी होते, मला काही करायचंच नसतं.

पण काय झालं ते मला कळलेलं नाही. लिहून ठेवते.

७ ऑगस्ट, गुरुवार

जिल्हा ऑफिसच्या क्लार्कचा फोन. "मॅडम, एकच लिस्ट तीन-तीन बार कायकू भेजे?" मग म्हणाला, सात शाळांत शून्य मुलं दाखवलीत. मी म्हटलं शून्य सत्तेचाळीस आहेत. तो म्हणाला नाही, सातच. मी म्हटलं सत्तेचाळीस. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, हे नंतर कळलं.

यादी उघडून पाहिली. (आधीच का नाही पाहिली, वनिता? दुसऱ्यांच्या चुका काढायला मोठी पटाईत!) ज्या सातांना खिडकीत ५१२ होते, त्याच सातांना यादीत ०. ज्यांना खिडकीत ० होते, त्यांची यादीत पोरं जागच्या जागी.

म्हणजे सगळं उलटं. जेवणाचा डबा तसाच परत आणला, माय बोलली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

श्रीनिवासला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग तेलुगूतला मानाचा 'गारू' लावून चिडवलं. "जीरो मतलब ओके है, वनिता गारू. गलती नहीं हुई, इसलिए जीरो."

मग ५१२?

"वो तो गलती का नंबर."

आमच्या मेश्राम बाईंनी पाटीवर शून्य काढलं की आम्ही रडत घरी जायचो. आणि इथं शून्य म्हणजे शाबासकी! असं कुठं असतं का? श्री. म्हणाला, सगळीकडं असंच असतं. गलत्या पुष्कळ प्रकारच्या, म्हणून त्यांना पुष्कळ नंबर. ठीक होणं एकाच प्रकारचं. ऐकायला छान. मला पटलं नाही.

त्यानं सांगितलं ते असं: पायथन नावाच्या भाषेतली ही स्क्रिप्ट स्वतः पोरं मोजत नाही. ती आतून शेलला, म्हणजे काळ्या खिडकीतल्या हुकूम पाळणाऱ्याला, हुकूम सोडते, अमुक गावाची फाइल घे, ओळी मोज (एक पोर, एक ओळ), यादीत टाक. शेल ते काम करवून घेतो आणि स्क्रिप्टला एक आकडा परत देतो. तो आकडा मोजणीचा नाही, काम झालं की फसलं त्याचा. मी 'किती' म्हणून वाचत होते, तो 'कसं झालं' सांगत होता. आणि यादीत स्क्रिप्ट आधीच सगळ्यांपुढं ० लिहून ठेवते. मोजणी आली की तो बदलतो. नाही आली तर तसाच राहतो.

घरी डिक्शनरीत शेल पाहिलं. शिंपला, कवच, टरफल. यातलं काहीच कामाचं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज ओळी हळू वाचल्या. खिडकी वर सरकवता येते हे मला माहीतच नव्हतं. सातही ठिकाणी एकच तक्रार: कंस अनपेक्षित. सिंटॅक्स एरर.

सात गावं एकाखाली एक लिहिली. आसोदी (के). आसोदी (बी). पुढची पाचही तशीच, नावात कंस असलेली. कंस नसलेल्या एकाही गावाचं काही बिघडलेलं नाही.

शेलच्या भाषेत कंसाला वेगळाच अर्थ आहे म्हणे. आसोदी म्हटल्यावर त्याला वाटतं नाव संपलं, आणि मधेच येतो कंस. तो थांबतो. फाइलीला हातही लावत नाही.

आणि आता खरं ते लिहिते, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. ते कंस मी टाकले. जुलैत. आधी श्री.नं 'आसोदी१', 'आसोदी२' असं ठेवलं होतं. माझा जीव जळायचा. आमच्या गावाला काय नंबर आहे का? तहसीलमध्ये जाऊन निजामाच्या वेळचं रजिस्टर काढवलं, त्यातून धाकटं म्हणजे खुर्द कोणतं, थोरलं म्हणजे बुजुर्ग कोणतं ते उतरवलं, आणि सगळ्या जोडगावांची नावं सरकारी रीतीनं दुरुस्त केली. इंग्रजी आद्याक्षरावरून खुर्दला (के), बुजुर्गला (बी); एका गावाचं जोडीदार शेजारच्या तालुक्यात, म्हणून सातच. फाइलींची नावंही तशीच. सर म्हणाले, "शाबास." मी आठ दिवस मिरवत होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दुरुस्ती. श्री. फोनवर म्हणाला, नाव अवतरणचिन्हांत घाल, म्हणजे शेल आतलं काही वाचत बसणार नाही, जसंच्या तसं उचलेल. घातली. आता पायथनच अडलं. आत दुहेरी आणि बाहेरही दुहेरी चिन्ह, त्याला कळेना हुकूम कुठं संपला. आत एकेरी केली. एंटर.

०. ०. ०. चोपन्न शून्यं. सवय जात नाही, आधी सगळे नापासच वाटले.

यादी मात्र बरोबर. आसोदी (के), मराठी माध्यम, ३४. स्क्रिप्टचा आपोआप मेल आधीच बंद करून घेतला होता, नीट पाहून मग पाठवली. एकदाच.

श्री. असंही म्हणाला की खरं तर शेलला मधे घ्यायचंच नाही, दुसरा मार्ग आहे, सावकाश शिकवीन. म्हणजे आजवर मधे कशाला घेतलं होतं? "जल्दी में लिखा था ना."

१४ ऑगस्ट, गुरुवार

सहा शाळांची शून्यं दुरुस्त झाली. खरं तर माझी नवी यादी जायच्या आधीच क्लार्कनं एकेका शाळेला फोन करून ती खोटी ठरवली होती. आसोदी बुजुर्गला दोनशे पोरं, तिथं शून्य कोण मानेल?

सातवी आमची. तिला त्यानं फोनच केला नाही. बाकी सहा दुरुस्त करून पहिलीच यादी वर हैदराबादला गेली, आणि तिथं आसोदी (के), शून्य पट म्हणून, बंद करून बुजुर्गच्या तेलुगू शाळेत मिळवायच्या शाळांच्या यादीत टाकली.

मी विचारलं, तिला काऊन नाही विचारलं? हिंदीत विचारायचं विसरून मराठीतच विचारलं. तो म्हणाला, "वो मराठी मीडियम है ना मॅडम? उसका जीरो बराबर लगा हमकू."

दिवसभर तेच वाक्य. चूक सातही ठिकाणी एकच होती. सहा शून्यं पाहून लोकांना चूक वाटली, एक पाहून वाटली नाही. हे काही शेलनं केलं नाही. मग कोणी केलं? मला राग नक्की कोणावर काढावा तेच कळत नाही, म्हणून सगळ्यात जास्त स्वतःवर.

१६ ऑगस्ट, शनिवार

आसोदीला गेले. जैनथपर्यंत बस, पुढं ऑटो. मेश्राम बाई शाळेतच होत्या. मला पहिलीपासून पाचवीपर्यंत यांनीच शिकवलं. बाबा दुसऱ्यांच्या वावरात राबायचे, मला वहीचं कव्हर घालून द्यायच्या त्या याच बाई. जयभीम केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कंसापासून.

"काल झेंड्याले चौतीसच्या चौतीस हजर होते वने. मी का भुतं शिकवून राह्यली का?"

मी म्हटलं, चूक माझी आहे बाई.

"तुह्यी कशी? मशीनची हाय ना?"

मशीननं सांगितलं तेच केलं बाई. नाव लिहिलं मी.

"मंग खुर्दले खुर्द म्हटलं, त्यात काय चुकलं?" "मले समजून नाही राह्यलं व. तूच सांग."

निरोप घेऊन निघाले. बुजुर्गच्या रस्त्यात नाला आहे, पावसाळ्यात कमरेइतकं पाणी. पहिलीची पोट्टी नाही ओलांडायची, आणि पलीकडं गेली तरी तेलुगूत काय समजणार? ती घरीच राहतील. ती शाळा नसती तर मी आज कुठं असते, याचा विचार ऑटोत केला आणि लगेच सोडला.

१८ ऑगस्ट, सोमवार

सरांना म्हटलं, लेखी कळवू. सर बरे आहेत, पण घाबरट. म्हणाले, "टेक्निकल प्रॉब्लम लिख दो अम्मा. सब वही लिखते."

सगळेच लिहितात म्हणून तर कोणी वाचत नाही. मी पानभर लिहिलं: नावं मी बदलली, कंसामुळं हुकूम फसला, फसल्याचा आकडा मी उलटा वाचला, शून्य हे मुलांचं नाही. खाली मूळ यादी, नवी यादी, हजेरीपटाची झेरॉक्स.

सरांनी दोनदा वाचलं. "ये कौन समझेगा? कंप्यूटर झूट बोलता क्या, पूछेंगे." मग हळूच, "तेरा काँट्रॅक्ट अगले महीने खतम है ना?"

आहे. सही करून दिली. सरांनीही केली, त्यासाठी त्यांना मानलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

उत्तर आलं. पानाबद्दल एक अक्षर नाही. "प्रत्यक्ष पाहणी, ३० तारीख."

३० ला पोळा! त्या दिवशी आसोदीत कोण पोट्टा शाळेत येतो? सरांना म्हटलं तारीख बदलून घ्या. त्यांनी फोन केला. पाहणीचे साहेब हैदराबादचे, त्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत पोळा नाही. यादीत नाही म्हणजे नाही. बदल होणार नाही.

बाईंना कळवलं. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग, "ठीक हाय. पाहतो आमी."

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळीच गेले. अकराला जीप यायची होती. दहाला शाळेत नऊ पोरं. मी रडायच्या बेतात. बाई पदर खोचून घरोघर, नाल्याकाठी, जिथं बैल धुणं चालू होतं तिथं.

मग यायला लागली. कोणी ओल्या चड्डीत, कोणाच्या हाताला शिंगांचा लाल रंग, एका पोरीच्या गळ्यात बैलासाठी केलेली झेंडूची माळ, काढायची राहिलेली. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आले. "घ्या बाई, मोजा याले. मंग घेऊन जातो."

साहेबांनी स्वतः मोजली. एकतीस. तिघं आजोळी. साहेबांनी पोरांचे रंगलेले हात पाहिले. पाटीवर काही लिहायला सांगितलं, पोरांनी मराठीत लिहिलं, त्यांना वाचता आलं नाही. बाईंनी हिंदीत अर्थ सांगितला. साहेबांनी वहीत टिपून घेतलं. मी पुढं होऊन कंसाचं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "रिपोर्ट देंगे."

चेहऱ्यावरून काही कळेना. चांगला माणूस वाटला. नाहीतर थकलेला असेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

रिपोर्टचं काही नाही. मिळवायच्या यादीतून नाव काढलं का, क्लार्कला विचारलं. "ऊपर है मॅडम." बंदचा हुकूम निघाला का? "वो भी ऊपर है." म्हणजे शाळा सध्या चालू आहे की नाही हे जिल्ह्यात कोणालाच माहीत नाही.

दुपारी बाईंचा फोन. मराठीची पुस्तकं आली म्हणे, दरवर्षीसारखी उशिरा. पण सोबत चिठ्ठी: अंतिम आदेशापर्यंत वाटू नयेत, परत मागवली तर कोरी द्यावी लागतील. गठ्ठा टेबलावर आहे, दोरी सोडलेली नाही, पोरं खिडकीतून पाहून राहिलीत.

"आता काय करू वने? दर साली पयल्या पानावर मी त्याह्यची नावं टाकतो. यंदा टाकू का नोको?"

सरांना विचारायला हवं होतं. सर समोरच्याच टेबलाशी होते. मी त्यांच्याकडं पाठ केली.

टाका बाई, म्हटलं. शाईनं टाका.