लूमला पोट टेकवून

गोडादरा, सुरत
दि. ४ ऑगस्ट १९९६

ती. सुकदेवमामांस,
प्रवीणचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळं बरं. कापडाचा लूम चालू म्हणून पोट चालू. मामीचा गुडघा काय म्हणतो?

गणपतीत आपल्या खानदेशी मंडळाचं संगीत नाटक आहे. राजपुत्राचा पार्ट मला, नाहीतर भेस्तानच्या योगेंद्रला. वनवासाला निघताना तो गातो, तिथे आवाजात कंप पाहिजे असं गणपत मास्तर म्हणतात. मी शक्कल काढली. चालू लूमच्या थरथरत्या फळीला पोट टेकवून गायलो. सूर असा झकास हलला, की शेजारचा लोटू धागा जोडायचा विसरला! पण काल मास्तरांपुढे उभा राहिलो तर आवाज काठीसारखा सरळ. तिथे लूम कुठे होता? सगळे पोट धरून हसले. योगेंद्र बकरीसारखा थरथरला तर त्याला शाबासकी! पंधरा दिवसांनी शेवटची परीक्षा आहे. तुम्ही जन्मभर नाटकात गायलात, काहीतरी सांगा. हा पार्ट गेला तर मी परत गाणार नाही.

माया पातळ करू नका.
तुमचा प्रवीण


टाकरवाडी, ता. अमळनेर
दि. ११ ऑगस्ट १९९६

चि. प्रवीण यास अनेक आशीर्वाद.

अरे येड्या, पोट हलवून गाणं होतं का? सरळ आलं ते चांगलंच झालं. सूर आधी सरळच धर, भरला तांब्या नेल्यासारखा. शेवटच्या अक्षरावर श्वास सैल सोड. कंप पाहुण्यासारखा आपण होऊन येतो. नाही आला तर ओढून आणू नको.

माझं उलटं झालंय. पहिल्या अक्षरापासून आवाज हलतो, थांब म्हटलं तर थांबत नाही. यंदा जत्रेच्या नाटकात पोरांनी मला पडदा ओढायला ठेवलं. ओढला. छान ओढला.

मामीचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. जेवत जा.
सुकदेवमामा


गोडादरा
दि. १९ ऑगस्ट १९९६

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

पार्ट मिळाला! सरळ गायलो. शेवटच्या अक्षराला आवाज हलला, पेल्यातल्या चहाएवढाच. मास्तर म्हणाले, बस, हाच राजपुत्र. योगेंद्र सेनापती झाला. आता बकरी लढाईवर जाईल.

एक अडलंय. निरोप देणारा म्हातारा राजा पण गातो. त्याचा आवाज पहिल्या अक्षरापासून हलायला पाहिजे, आणि खोटा नको, असं मास्तर म्हणतात. आम्ही सगळे पंचविशीच्या आतले. मी तुमचं नाव देऊन आलो. विचारलं नाही, रागावू नका.

उधना स्टेशनला उतरा, मी न्यायला येतो. मामीलाही आणा. पडदा ओढायला इथे माणूस आहे.

वाट बघतो.
तुमचा प्रवीण