ओंगळ या शब्दाचं कार्ड

७ फेब्रु. ९४
बी.ए. होऊन आठ महिन्यांनी काम मिळालं. गायकवाड सर, निवृत्त प्राध्यापक, बायबलातल्या शब्दांचा मराठी कोश करताहेत. कार्डं मी लिहायची. आजचा ग्रीक शब्द: ब्देलिग्मा. सर म्हणाले, मूळ धातू दुर्गंधीचा. मी लिहिलं: ओंगळ, ज्याला घाण वास येतो ते.

८ फेब्रु.
मिल बंद झाल्यापासून बाबा सियागंज बाजारात हिंगाचे खडे फोडतात. वास अंगात मुरलाय, आंघोळीनंही जात नाही. आज स्वतःच ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले. आई म्हणाली, "अहो, आत या ना." "राहू दे, तुम्ही आराम से जेवा."

१० फेब्रु.
मी डबा घरी विसरले. कामावर जाताजाता बाबा द्यायला आले. हिंगानं पिवळा झालेला शर्ट. सरांनी विचारलं, "कोण गं?" तोंडून निघालं, शेजारचे काका.
बाबांनी ऐकलं. "हां जी, शेजारीच राहतो," म्हणाले आणि जिना उतरले.
डबा उघडलाच नाही.

११ फेब्रु.
सरांनी कार्ड परत दिलं. "असं लिहिलंस तर हिंगसुद्धा ओंगळ ठरेल, बेटा. काल त्या काकांमुळे मला तर आईचं वरण आठवलं." म्हणाले, मूळ वासाचं असेल, पण अर्थ पुढे जातो: देवाला ज्याचा तिटकारा येतो ते. सहज बोटांवर उदाहरणं मोजत होते. मूर्ती. खोटा तराजू. खोटं बोलणारे ओठ...
पुढचं लिहिता आलं नाही. सांगून टाकलं, ते माझे बाबा होते.
सर म्हणाले, "मला सांगून झालं. आता?"

संध्याकाळी मीपण ताट घेऊन ओट्यावर गेले. माफी मागायची होती. बाबा सरकले. "वास येईल तुला."
"येऊ दे."
दोन घास झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेजारच्या ताई, जरा मीठ द्या."
हसत होते. मला हसता आलं नाही.

१२ फेब्रु.
नवं कार्ड कोरंच. आज डबा मुद्दाम घरी ठेवला. आईला सांगून आलेय, बाबांच्याच हाती पाठव. ती म्हणाली, "ते नाही यायचे आता. तरी सांगते."
अकरा वाजत आलेत. जिन्यात अजून कुणी नाही. सर दोनदा खिडकीपाशी जाऊन आले.